अनिश्चित काळ आणि घरची बेगमी

सुगी संपून खळे झाडून निघाले की धान्याचे दोन वाटे होतात. एक बाजारात जातो व दुसरा घरात राहतो. घरात किती ठेवावे, हा प्रश्न पूर्वी घरातील वडीलधारी माणसे पावसाचा अंदाज, देणेकऱ्यांचा तगादा आणि मुलीचे लग्न एवढ्या गोष्टी मनात धरून सोडवीत असत. आता त्यात आणखी एका गोष्टीचा विचार करावा लागतो. युद्ध, सीमेवरील तणाव, संचारबंदी, वाहतुकीची अडवणूक, परदेशातील एखाद्या सरकारने एका रात्रीत काढलेला निर्यातबंदीचा हुकूम, यांपैकी कोणत्याही कारणाने बाजार काही आठवडे विस्कळित होऊ शकतो. अशा वेळी ज्या घरात दाणा असतो, त्या घरास निदान विचार करण्यास सवड मिळते.

ही भीती काल्पनिक नव्हे. 1942 साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेला आणि तेथून बंगालमध्ये येणारा तांदूळ थांबला. त्याच वर्षी शत्रूच्या हाती पडू नये म्हणून किनाऱ्यावरील जिल्ह्यांतील होड्या व शिल्लक तांदूळ सरकारने हलविला, ऑक्टोबरात मेदिनीपूरकडे वादळ झाले, आणि 1943 साली बंगालमध्ये जो दुष्काळ पडला त्यात लाखो माणसे दगावली. सर्वांत अधिक हानी कोणाची झाली हे पाहण्यासारखे आहे. भूमिहीन मजूर, कोळी, कारागीर असे जे रोजचे धान्य रोज विकत घेणारे होते, ते प्रथम गेले. मुंबई शहरात धान्याचे रेशनिंग सुरू झाले तेही 1943 सालीच. पुढे 1965 साली पाकिस्तानशी युद्ध झाले, पाऊसही तोकडा पडला. देशाचे अन्नधान्य उत्पादन आदल्या वर्षीच्या सुमारे 8 कोटी 90 लक्ष टनांवरून 7 कोटी 20 लक्ष टनांवर घसरले. अमेरिकेतून येणारा गहू त्या सरकारने थोड्या थोड्या मुदतीने सोडण्याचे धोरण धरले, आणि पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशवासीयांस आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. अगदी अलीकडे 2022 च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर सूर्यफुलाच्या तेलाची आवक अडली. एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे बंद केली. इतक्या दूरच्या घडामोडींनी मंगळवेढ्याच्या किंवा मेहकरच्या घरातील फोडणी महाग झाली.

यावर कोणी म्हणेल की, सर्वांनीच साठा केला तर टंचाई अधिकच वाढेल. हा आक्षेप विचारार्ह आहे, आणि त्याचे उत्तर साठा केव्हा केला यावर अवलंबून आहे. अफवा उठल्यावर दुकानापुढे रांग लावून दोन पोती गहू घरी नेणारा मनुष्य शेजाऱ्याच्या ताटातला घास उचलतो. परंतु सुगीच्या दिवसांत, जेव्हा बाजारात माल ओसंडून वाहतो व भाव पडलेला असतो, तेव्हा आपल्या शेतातील धान्यापैकी वर्षाचे धान्य घरात ठेवणारा शेतकरी बाजारावरील भार हलका करतो, आणि पुढे टंचाईच्या वेळी तो गिऱ्हाईक म्हणून रांगेत उभाच राहत नाही. कायद्याचीही याला आडकाठी नसते. 1955 च्या अत्यावश्यक वस्तू कायद्याखाली 2023 साली गव्हाच्या साठ्यावर मर्यादा घातली गेली, ती व्यापारी, घाऊक व किरकोळ विक्रेते आणि प्रक्रिया करणारे यांच्यासाठी होती. स्वतःच्या शेतात पिकविलेले खाण्याचे धान्य घरी ठेवणाऱ्यास तिचा जाच नव्हता.

किती ठेवावे, याचा हिशेब डोळ्यांनी अंदाज घेऊन करू नये. तो कागदावर मांडावा. समजा, घरात कष्ट करणारा पुरुष, कष्ट करणारी स्त्री, एक वृद्ध आणि दोन मुले आहेत. पुरुषास दिवसाला 450 ग्रॅम, स्त्रीस 400, वृद्धास 300, मोठ्या मुलास 300 व लहानास 250 ग्रॅम धान्य धरले तर रोजचे 1 किलो 700 ग्रॅम होतात. महिन्याचे 51 किलो आणि वर्षाचे सुमारे 6 क्विंटल 20 किलो. पाहुणेरावळे, सणवार व थोडी नासधूस धरून 7 क्विंटल हा आकडा व्यवहाराला बरा पडतो. डाळ माणशी 50 ग्रॅम धरली तर महिन्यास साडेसात किलो, म्हणजे वर्षाला 90 किलो. तेल माणशी 20 ग्रॅमप्रमाणे महिन्यास 3 किलो. 2013 च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबास माणशी 5 किलो धान्य महिन्यास मिळते. पाच माणसांच्या घरास ते 25 किलो होते, म्हणजे गरजेच्या निम्मे. हे धान्य हिशेबात जरूर धरावे. मात्र रस्ते किंवा वाहतूक बंद झाल्यास हेच धान्य उशिरा पोहोचण्याचा संभव असतो; म्हणून निदान तीन महिन्यांचे पूर्ण धान्य, म्हणजे दीड क्विंटलच्या वर, घरात हात न लावता राखलेले असावे.

आता अडचणीची गोष्ट. बहुतेक लहान शेतकरी खळ्यावरच धान्य विकतात, ते आळसाने नव्हे; सोसायटीचे देणे आणि दुकानदाराची उधारी त्याच महिन्यात डोक्यावर येते. पुढे श्रावण-भाद्रपदात तोच शेतकरी तीच ज्वारी चढ्या भावाने विकत आणतो. यावर एक उपाय राज्यात उपलब्ध आहे व त्याचा उपयोग फारच थोडे लोक करतात. कृषि पणन मंडळाच्या शेतमाल तारण योजनेखाली बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या 75 टक्क्यांपर्यंत रक्कम कर्जाऊ मिळू शकते. मुदत साधारणतः 180 दिवसांची व व्याज 6 टक्के असते. कोणत्या मालास व किती रक्कम मिळेल याची चौकशी आपल्या बाजार समितीत सुगीपूर्वीच करावी. विकावयाची तूर वा सोयाबीन तारण ठेवून देणे भागविले तर खाण्याच्या ज्वारीला हात लावण्याची पाळी येत नाही.

साठा करणे सोपे आहे. तो टिकविणे कठीण. एक क्विंटल धान्य घरात ठेवून त्यातील वीस किलो किडीस व उंदरास द्यावयाचे असेल तर ही सारी खटपट व्यर्थ होय. माझ्या मते साठवणुकीतील दहांपैकी आठ तक्रारींचे मूळ एकाच गोष्टीत असते: धान्य ओले असताना भरले जाते. ज्वारी, गहू, बाजरी यांतील ओलावा 12 टक्क्यांच्या वर असता कामा नये. कडधान्यांत तो 9 ते 10 टक्के असावा. यंत्र जवळ नसले तरी परीक्षा करता येते. दाताखाली दाणा घेऊन चावल्यास ‘कट्’ असा आवाज होऊन तो फुटला पाहिजे. दबला तर तो ओला आहे. दुसरी परीक्षा मिठाची. काचेच्या कोरड्या बाटलीत मूठभर धान्य व त्यावर चमचाभर अगदी कोरडे मीठ घालून बूच लावावे, चांगले हलवावे व थोडा वेळ ठेवावे. मीठ बाटलीच्या आतील बाजूस चिकटले तर धान्यात 15 टक्क्यांहून अधिक ओलावा आहे असे समजावे. मीठ चिकटले नाही म्हणजे मात्र धान्य साठवणुकीस योग्य झाले असे होत नाही. आणखी दोन उन्हे देणे हितावह असते. भुईमुगाच्या बाबतीत तर विशेष जपावे. ओल्या शेंगांवर वाढणाऱ्या पिवळट हिरव्या बुरशीपासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते भाजण्याने अगर शिजविण्याने नाहीसे होत नाही.

उन्हात तापलेले धान्य तसेच कोठीत ओतण्याची चूक पुष्कळ ठिकाणी होते. कोठीचा पत्रा रात्री थंड होतो, आतील वाफ त्याला लागून पाणी सुटते आणि कडेचे धान्य बुरसते. संध्याकाळी धान्य पसरून निवू द्यावे व सकाळी उन्हापूर्वी भरावे.

कणगी, बळद, तट्ट्या, रांजण, उतरंड ही आपली जुनी साधने वाईट नव्हेत. शेणमातीने नीट लिंपलेली कणगी ज्वारीस एक वर्ष सहज सांभाळते. फक्त दरवर्षी भरण्यापूर्वी तिच्या फटी बुजवून पुन्हा लिंपावी, कारण गेल्या वर्षीचे सोंडे त्याच फटींत नव्या धान्याची वाट पाहत असतात. कोकणातील मंडळींनी भात सडून तांदूळ ठेवण्यापेक्षा भातच ठेवावे. साळीच्या तुसामुळे किडीचा शिरकाव कमी होतो. ज्यांना परवडेल त्यांनी पत्र्याची कोठी घ्यावी. 1 मीटर व्यासाच्या व 1 मीटर उंचीच्या कोठीत सुमारे 6 क्विंटल गहू मावतो, म्हणजे वर उल्लेखिलेल्या कुटुंबाचे जवळजवळ वर्ष. ती फळ्यांवर ठेवावी, भिंतीस टेकू देऊ नये. दिल्लीच्या भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने तयार केलेली पुसा कोठी कच्च्या विटांची व मातीची असून तिच्या भिंतींच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा कागद घातलेला असतो. गावातील गवंडी ती बांधू शकतो. हल्ली अनेक पदरी हवाबंद पिशव्याही मिळतात. त्यांचे तत्त्व पेवाचेच आहे: आत कोंडलेला प्राणवायू धान्य व कीड मिळून संपवितात आणि कीड गुदमरून मरते. पिशवीला उंदराने एक भोक पाडले की हे तत्त्व संपले, हेही लक्षात असावे.

पेवाविषयी दोन शब्द अधिक लिहिणे अवश्य आहे. कोरड्या, निचऱ्याच्या जमिनीत पेव उत्तम. मात्र नदीकाठी ते धोक्याचे. सांगलीजवळील हरिपूरच्या हळदीच्या पेवांची 2005 च्या महापुरात मोठी हानी झाली. याहून गंभीर गोष्ट म्हणजे पेव उघडताना होणारे मृत्यू. बंद पेवात कार्बन डायऑक्साइड साचतो. तो हवेपेक्षा जड असल्याने तळाशी राहतो, त्यास वास नाही, रंग नाही. पेव उघडल्यावर निदान एक पूर्ण दिवस तोंड मोकळे ठेवावे, सुपाने किंवा पंख्याने आतील हवा हलवावी, आणि उतरणाऱ्याच्या कमरेस दोर बांधून तो वर दोघा माणसांनी धरावा. कंदील आत सोडून तो विझला तर उतरूच नये; पण कंदील जळत राहिला म्हणजे धोका टळला असेही मानू नये. पहिला मनुष्य कोसळला तर त्यास काढण्यास दुसऱ्याने आत उडी टाकू नये. असे दोन दोन जीव गेलेले आहेत.

औषधांसंबंधी स्पष्ट लिहिणे जरूर आहे. जुन्या पत्रकांतून इडीबीच्या कुप्या व बीएचसीची भुकटी यांची शिफारस असे. त्या दोहोंवर आता बंदी आहे. अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कदापि वापरू नयेत. त्यातून सुटणारा वायू झोपलेल्या माणसांस मारतो. या गोळ्यांचा वापर केवळ अधिकृत व प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली करावयाचा असतो. घरगुती साठ्यास सुकलेला कडुलिंबाचा पाला, चाळलेली कोरडी राख व स्वच्छ कोठी एवढे पुरे आहे. कडधान्यास किलोमागे 5 मिलिलिटर खाद्य तेल चोळल्यास भुंगेऱ्याची अंडी टिकत नाहीत. तूर, हरभरा यांची डाळ करून ठेवल्यास भुंगेरा तिच्यात फारसा वाढत नाही, हे आपल्या आज्यांना आपल्या आधी ठाऊक होते.

उंदीर दिवसाला सुमारे 25 ग्रॅम धान्य खातो, म्हणजे वर्षास 9 किलो. नासवितो त्याहून अधिक. मांजर पाळणे हा स्वस्त उपाय आहे, पण कोठीच्या बुडाखालील मोकळी जागा स्वच्छ ठेवणे त्याहून महत्त्वाचे.

बियाण्याचे धान्य वेगळ्या भांड्यात, वेगळ्या खोलीत व शक्य तर घरातील वेगळ्या माणसाच्या ताब्यात ठेवावे. भुकेच्या महिन्यात प्रथम हात तिकडेच जातो. मालदांडीसारख्या सरळ वाणाचे निवडलेले कणीस घरी राखले असेल तर बाजार बंद असतानाही रब्बीची पेरणी चुकत नाही. संकरित वाणाचे बी मात्र घरी धरून चालत नाही, ते वेळेपूर्वी आणून ठेवणे भाग असते. कडब्याची गंजीही एक पाऊसभर अधिक पुरेल अशी रचावी. माणसास रेशन मिळते, बैलास मिळत नाही. मीठ, गूळ, काडेपेटी, दिव्याचे इंधन, नेहमीच्या दुखण्याची औषधे ही दोन महिन्यांची असली म्हणजे झाले. तेल मात्र फार साठवू नये, ते खवटते. त्याऐवजी करडईचे वा भुईमुगाचे एक वाफभर पीक घ्यावे व बी कोरडे ठेवून लागेल तसे गाळून आणावे.

ज्यांना शेतच नाही त्यांचे काय? बंगालच्या अनुभवाने सर्वांत मोठा प्रश्न तोच ठरतो. सुगीतील मजुरीचा काही भाग धान्यात घेण्याची जुनी चाल अनेक गावांतून उठून गेली आहे. ती मजुराच्या इच्छेने व बाजारभावाच्या हिशेबाने पुन्हा चालू करण्यास हरकत नाही. महिला बचत गटाने सुगीत प्रत्येक घराचे दहा-वीस किलो गोळा करून एका पत्र्याच्या कोठीत ठेवावे आणि भाद्रपदात उसने द्यावे, परतफेड सुगीत घ्यावी. किती धान्य आले व कोणाकडे गेले याची वही सर्वांसमोर वाचली जावी. दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे उघडल्याची कथा मंगळवेढ्यात आजही सांगतात. गावाचे स्वतःचे कोठार असेल तर ते उघडण्यास कोणाच्या कोपाची भीती बाळगावी लागत नाही.

कोठीवर खडूने भरल्याची तारीख व वजन लिहावे. रोजच्या खर्चासाठी आठवड्याचे धान्य लहान डब्यात काढून मोठी कोठी बंद ठेवावी, कारण पावसाळ्यात दरवेळी झाकण उघडले की दमट हवा आत जाते. दर पंधरवड्यास एकदा, ढग नसलेल्या दिवशी दुपारी, हात कोपरापर्यंत धान्यात घालून पाहावा. आत ऊब लागली किंवा बोटांस भुसा चिकटला तर त्याच दिवशी धान्य काढून, चाळून उन्हात घालावे. नवे धान्य आले की जुने प्रथम संपवावे आणि राखीव दीड क्विंटल नव्या धान्याने भरून घ्यावे.