माशी घरात दिसते, जन्मते उकिरड्यावर

मृगाच्या पहिल्या सरी पडल्या की खापरखेडा आणि आसपासच्या गावांत दोन गोष्टी बरोबरच वाढतात. घरात माश्या आणि दवाखान्यात जुलाब-हगवणीची मुले. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसवर जातो तेव्हा शेण, कचरा लवकर वाळतो आणि माश्याही कमी असतात. पाऊस पडून सगळे ओले झाले की त्यांचे फावते. मग गृहिणी विचारतात, "डॉक्टर, माश्यांवर काही घरगुती उपाय सांगा." उपाय आहेत. पण कोणता उपाय कशासाठी, हे समजून घेतले तरच त्यांचा उपयोग होतो.

माशी रोग कसा पसरवते?

घरमाशीला दात नसतात. घट्ट पदार्थ तिला खाता येत नाही. म्हणून ती साखरेवर, भाकरीवर बसली की पोटातील द्रव त्यावर ओकते, पदार्थ विरघळवते आणि मग सोंडेने शोषून घेते. बसल्या जागी विष्ठाही टाकते. तिच्या पायांवर बारीक केस असतात. थोड्या वेळापूर्वी ती मैल्यावर बसली असेल तर तेथील जंतू त्या केसांना चिकटून थेट तुमच्या ताटात येतात. जुलाब, हगवण, विषमज्वर, पटकी आणि डोळ्यांच्या खुपऱ्या या रोगांच्या प्रसारात तिचा हात असतो. पाकिस्तानातील काही खेड्यांत माश्यांचा बंदोबस्त करून पाहिला, तेव्हा लहान मुलांतील जुलाबाचे प्रमाण 23 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. म्हणजे माशी केवळ किळसवाणी नाही, ती मुलांच्या जिवाशी खेळते.

सात ते दहा दिवसांचा हिशेब

मादी एका वेळी सुमारे शंभर अंडी घालते आणि आयुष्यात असे चार-पाच वेळा करते. जागा निवडते ती ताजे शेण, कुजका भाजीपाला, खरकटे किंवा उघड्यावरची विष्ठा. एका दिवसात अंड्यातून अळी निघते. चार-पाच दिवस ती त्या घाणीत वाढते, मग ढिगाच्या कडेच्या कोरड्या मातीत शिरून कोष करते. उबदार हवेत अंड्यापासून माशी होईपर्यंत सात ते दहा दिवस लागतात. माशी पुढे दोन ते चार आठवडे जगते.

या हिशेबातच खरा उपाय दडला आहे. शेण आणि ओला कचरा आठवड्यातून दोनदा हलवला, तर अळीला माशी होण्याइतका वेळच मिळत नाही.

माझ्याकडे एक आई दोन वर्षांच्या मुलाला महिन्यात तिसऱ्यांदा जुलाबासाठी घेऊन आली होती. घर आरशासारखे स्वच्छ, फरशी रोज फिनाईलने पुसलेली, रोज कापूर जाळलेला, तरी माश्या हटत नव्हत्या. चौकशी केली तेव्हा कळले की न्हाणीघराच्या भिंतीला लागूनच शेजाऱ्यांचा म्हशींचा गोठा आणि मागे उघडा उकिरडा होता. शेजाऱ्यांना बोलावून भांडण न करता हाच हिशेब समजावला. त्यांनी ढीग दूर नेला आणि झाकला. पहिल्या आठवड्यात फरक पडला नाही, कारण जन्मलेल्या माश्या जगणारच होत्या. तीन आठवड्यांनी मात्र त्याच आईने आपणहून येऊन सांगितले की आता ताटावर हात हलवत बसावे लागत नाही.

घराबाहेरचे उपाय

1. शेणाच्या गोवऱ्या पातळ थापून कडक उन्हात वाळवा. वाळलेल्या शेणात अळी जगत नाही. पावसाळ्यात मात्र गोवऱ्या वाळत नाहीत, तेव्हा शेण एका जागी घट्ट रचून वर प्लॅस्टिकची ताडपत्री नीट दाबून बसवा. ढिगाच्या आत जी उष्णता तयार होते तिने अळ्या मरतात. उघड्या ढिगात त्या थंड अशा वरच्या थरात येऊन वाचतात.

2. शक्य असेल तर नाडेप पद्धतीचे टाके बांधा. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी ही पद्धत शोधली. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच असे विटांचे टाके, त्यात काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर, आणि भरल्यावर वरून शेणमातीचा लेप. खतही उत्तम मिळते.

3. लहान मुलांची शी अंगणात किंवा नालीत टाकू नका, संडासातच टाका. संडासाला व्हेंट पाईप असेल तर त्याच्या तोंडाला जाळी बांधा.

4. ओल्या कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण हवे. डबा रोज रिकामा करून धुवा.

घरातले उपाय

खिडक्यांना जाळी, दाराला पडदा आणि जेवताना पंखा, हे साधे उपाय कोणत्याही धुरापेक्षा सरस आहेत. पंख्याच्या वाऱ्यात माशीला स्थिर बसता येत नाही. अन्न झाकून ठेवा. ओटा आणि जेवणाची जागा साबणाच्या पाण्याने पुसा. सांडलेला चहा, आंब्याचा रस आणि दुधाचे थेंब हेच माशीचे आमंत्रण असते.

सापळा असा करा. बरणीत दोन बोटे गुळाचे पाणी, पिकलेल्या केळ्याचा तुकडा आणि भांडी घासण्याच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब घाला. तोंडावर कागदाचा नरसाळ्यासारखा कोन, टोकाला लहान भोक ठेवून बसवा. साबणामुळे पाण्याचा वरचा ताण मोडतो आणि माशी बुडते. बरणी स्वयंपाकघरात ठेवू नका, मागच्या दाराबाहेर ठेवा. नाहीतर बाहेरच्या माश्या आत बोलावल्यासारखे होईल.

चिकट पट्टीची कृती आमच्या वैद्यकीय शिक्षणाच्या पुस्तकातही होती. दोन भाग रोझीन, म्हणजे रेडिओ दुरुस्तीवाले डाग देताना वापरतात ती राळ, आणि एक भाग एरंडेल तेल मंद आचेवर काकवीसारखे होईपर्यंत गरम करायचे आणि जाड कागदावर लावायचे. राळ पेट घेते, म्हणून मोठ्या माणसानेच आणि जपून करावे. माश्या रात्री दोऱ्या, तारा आणि छताजवळ बसतात, तेव्हा पट्ट्या तेथेच टांगाव्या.

कापूर, कडुनिंबाचा धूर, पुदिना, तुळस यांनी माश्या थोडा वेळ दूर जातात, मरत नाहीत. धुराने दमेकरी आणि तान्ह्या बाळांना त्रास होतो. कापूर मुलाने तोंडात घातल्यास झटके येऊ शकतात, तो उंचावर ठेवा. पाण्याच्या पिशव्या टांगण्याचा उपयोग झालेला मी पाहिलेला नाही.

हे मात्र करू नका

शेतातले कीटकनाशक घरात माश्यांसाठी कदापि फवारू नका. थंड पेयाच्या बाटलीत ते कधीही भरून ठेवू नका. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. मोकळ्या शेतात ही स्थिती, तर बंद खोलीत पाळण्यातल्या मुलाचे काय होईल, याचा विचार करावा.

मुलाला जुलाब झालेच तर

पहिल्या जुलाबापासून ओ.आर.एस. सुरू करा. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून थोडे थोडे पाजा. अंगावरचे दूध आणि नेहमीचे जेवण बंद करू नका. डॉक्टरांकडून झिंकच्या गोळ्याही विचारून घ्या. शीमध्ये रक्त दिसणे, डोळे खोल जाणे, लघवी कमी होणे, मूल सुस्त पडणे किंवा पाणीही पोटात न ठरणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब दवाखाना गाठा.

पोळ्याच्या पाडव्याला आपण मारबतीबरोबर रोगराई गावाबाहेर जावी म्हणून ओरडतो. माशी ओरडण्याने जात नाही. गाडगेबाबा (1876–1956) आधी खराटा हाती घेत आणि मग कीर्तन करीत, तो क्रम आपणही पाळावा. माशीला दोन-तीन किलोमीटर उडणे कठीण नाही, म्हणून एकट्या घराने हे काम पुरे होत नाही. गल्लीतल्या चार घरांनी ठरवून आठवड्याचे दोन वार उकिरड्यासाठी नेमले, तर येत्या पावसाळ्यात आमच्या दवाखान्यातली गर्दी नक्की कमी होईल, आणि ती कमी झालेली मला आवडेल.