बारा व्होल्ट आणि दोनशे तीस व्होल्ट

(द्वितीय वर्ष, कला)

कला शाखेच्या विद्यार्थिनीने गाडीच्या बॅटरीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांस नवल वाटेल. परंतु आमच्या घिवलीत मासळीची गाडी बिघडली की ती बहुधा दारातच दुरुस्त होते. बाबांची जुनी व्हॅन मासळी घेऊन पहाटे बोईसरला जाते आणि आमचे घर तिच्यावर चालते. बाबांनी पाना फिरवायचा आणि मी विजेरी धरायची, ही वाटणी मी सातवीत असल्यापासूनची आहे. विजेरी धरता धरता जे पाहिले, आणि पुढे शास्त्र शाखेच्या मैत्रिणींच्या पुस्तकांतून जे उमगले, तेच येथे मांडते.

गाडीची मोठी कामे आमच्याकडे पावसाळ्यात निघतात, कारण तेव्हा मासेमारी बंद असते. म्हणजे जमीन ओली, हात ओले, आणि हवेत खार. याच हवेने बॅटरीच्या टोकांवर पांढरा-हिरवा थर चढतो. असाच थर काढताना माझ्या काकांच्या हातातील पान्याचे एक टोक बॅटरीच्या धन टोकावर होते आणि दुसरे गाडीच्या पत्र्याला लागले. मध्ये आली बोटातली अंगठी. डोळे दिपवणारी ठिणगी उडाली आणि क्षणात अंगठी इतकी तापली की ती ओढून काढताना कातडी सोबत आली. तो वळ अजून आहे. काका पुन्हा पुन्हा एवढेच म्हणत होते, “अरे, बारा व्होल्टच तर होते!”

काकांचे म्हणणे अर्धे खरे होते. कोरड्या कातडीचा विरोध काही हजार ओहम असतो. म्हणून १२ व्होल्टच्या दोन्ही टोकांना बोटे लावली तरी बहुधा काही जाणवत नाही. पण लोखंडी पान्याचा किंवा सोन्याच्या अंगठीचा विरोध नगण्य असतो. त्यांच्यातून तीच बॅटरी शेकडो अँपिअर प्रवाह सोडते. आपल्याकडच्या खारबंदिस्तीवरून हे लवकर समजते. बांधाच्या दोन्ही बाजूंच्या पाण्यात फरक असतो हातभर. पण उघाडी सताड उघडली की लोंढा माणसाला उभे राहू देत नाही. उंची थोडी म्हणून पाणी थोडे, असे कुठे आहे?

म्हणून बॉनेट उघडण्यापूर्वी अंगठी, कडे, घड्याळ काढून ठेवावे. बॅटरी सोडवताना आधी ऋण टोक सोडवावे. बहुतेक गाड्यांत संपूर्ण पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. ते टोक सुटले की मग धन टोकावरचा पाना पत्र्याला लागला तरी वाट पुरी होत नाही. बसवताना उलट : धन आधी, ऋण शेवटी. काकांनी आधी धन टोकाला हात घातला होता.

बॅटरी चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. हवेत तो शेकडा चार इतका मिसळला तरी ठिणगीने पेट घेतो, आणि बॅटरी फुटली तर आतले गंधकाम्ल तोंडावर येते. चार्जिंग मोकळ्या हवेत करावे, चिमटे लावून झाल्यावरच भिंतीचे बटण दाबावे आणि काढताना आधी बटण बंद करावे. दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून आपली गाडी चालू करताना शेवटचा चिमटा आपल्या बॅटरीवर न लावता इंजिनाच्या लोखंडावर, बॅटरीपासून दूर लावतात. शेवटच्या चिमट्याला ठिणगी उडतेच; ती त्या वायूपासून लांब उडावी. विडी ओढत बॅटरीत डोकावणाऱ्यांना काय सांगावे! अम्ल डोळ्यांत गेले तर भरपूर पाण्याने धूत राहावे आणि दवाखाना गाठावा.

पण मला खरी भीती वाटते ती बॅटरीची नाही. भारतातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ पासून आमच्या शेजारी तारापूरला आहे, आणि आमच्या घरातला लांब वायरीचा बोर्ड मात्र परवापर्यंत दोन तारांचा होता, अर्थिंगशिवाय. त्याला होल्डर जोडून केलेला दिवा घेऊन बाबा गाडीखाली निजत. समजा, पत्र्याच्या धारेने ती वायर कापली. गाडी उभी रबरी टायरांवर. जमिनीकडे जायला विजेला वाट नाही, म्हणून फ्यूज उडत नाही, दिवाही जळत राहतो. सगळी गाडी मात्र २३० व्होल्टवर जिवंत. वाट पुरी करतो तो ओल्या जमिनीवर पाठ टेकून पत्र्याला हात लावणारा माणूस. घामाने आणि खाऱ्या पाण्याने भिजलेल्या शरीराचा विरोध हजार ओहमपर्यंत उतरतो. मग प्रवाह सुमारे २३० मिलिअँपिअर. याच्या निम्म्यानेही हृदय थांबू शकते. आणि भिंतीवरचा १६ अँपिअरचा एमसीबी एवढ्याशा प्रवाहाची दखलही घेत नाही. तो तारा जळू नयेत म्हणून आहे. माणसासाठी असते ते ३० मिलिअँपिअरला तुटणारे आरसीसीबी. हा फरक आमच्या घरी कोणालाच ठाऊक नव्हता, मलाही नाही.

गाडीखाली विजेरीच न्यावी. ड्रिल किंवा चार्जर लावणे भागच असेल तर तीन पिनांची अखंड वायर हवी, सांध्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली नको. गाडीतला फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा दुसरा घालावा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी घालण्याची कला आमच्याकडे अनेकांस अवगत आहे. तिने दिवे लागतात आणि पुढे वायरी जळतात.

आता विजेवर चालणाऱ्या गाड्याही रस्त्यावर दिसतात. त्यांत नारिंगी रंगाच्या जाड केबली असतात. तेथे कित्येक गाड्यांत तीनशे व्होल्टच्या वर दाब असतो आणि तोही एकदिश. त्या केबलींना घरच्या पान्याने हात लावू नये.

या दिवाळीआधी आमच्या घरी आरसीसीबी बसले. त्यावर चाचणीचे एक छोटे बटण आहे. महिन्यातून एकदा ते दाबायचे, म्हणजे यंत्र तुटते की नाही ते कळते. ते काम माझ्याकडे आले आहे. बटण दाबले की घरभर अंधार होतो आणि आजी ओरडते.