अमृतवेल आणि वाळलेले लाकूड

आपल्या शेलू-नेरळच्या बाजूला बांधावर, कुंपणावर, कडुनिंबावर हृदयाच्या आकाराच्या पानांची वेल चढलेली असते, ती गुळवेल. संस्कृतात तिचं नाव अमृता. रावणवधानंतर श्रीरामांवर प्रसन्न झालेल्या इंद्राने पडलेल्या वानरांवर अमृत शिंपडलं. वानर उठले, आणि त्यांच्या अंगावरचे थेंब जिथे जमिनीवर पडले तिथे ही वेल उगवली, अशी कथा सोळाव्या शतकातल्या 'भावप्रकाश' या वैद्यकग्रंथात आहे.

ही कथा भाकड म्हणून सोडून देऊ नये. ज्याने वेल जवळून पाहिली त्यालाच ती सुचली असणार. बोटाएवढ्या जाडीचा तुकडा तोडून फांदीवर नुसता लटकवून ठेवा. दिवसचे दिवस वाळत नाही. दोऱ्यासारखी मुळं सोडतो, ती लोंबत लोंबत मातीला टेकतात की झाली वेल पुन्हा उभी! म्हणून तिला छिन्नरुहा, म्हणजे तोडली तरी वाढणारी, असंही म्हणतात. न मरण्याचा हा गुण वेलीचा. तो पिणाऱ्यालाही लागतो, अशी समजूत झाली आणि तिथे घोळ झाला.

श्रीगुरुचरित्राच्या चाळिसाव्या अध्यायातला नरहरी आठवा. कुष्ठाने पीडलेला. श्रीगुरूंनी त्याला औदुंबराचं वाळलेलं लाकूड संगमावर रोवून पाणी घालायला सांगितलं. लोक हसले, तो घालत राहिला. लाकडाला पालवी फुटली, त्याची कायाही शुद्ध झाली. औदुंबर औषधी आहेच, पण तिथे श्रीगुरूंनी त्याची साल उगाळून घे, असं सांगितलेलं नाही. सेवा सांगितली. या चमत्काराचा आधार घेऊन कुठलाही पाला वाटून पिणं मला पटत नाही.

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला. 2021 साली मुंबईच्या डॉक्टरांनी, ती नियमित घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं. दुसऱ्याच सारख्या दिसणाऱ्या वेलीशी गल्लत झाली असावी, असं त्यांचं म्हणणं. वाद कुणाचाही खरा असो, आपण दोन्हीकडून सांभाळावं. ज्यांचं यकृत नाजूक आहे, ज्यांना आमवातासारखा आजार आहे, त्यांनी वैद्याला आणि डॉक्टरांना, दोघांनाही विचारल्याशिवाय घेऊ नये. गुळवेलीने साखर उतरते, तेव्हा मधुमेहाच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी तर नाहीच.

ओळखायची खूण अशी: वरची साल कागदासारखी पातळ, नखाने सुटते, खाली हिरवं, आडवं कापलं की आत चाकाच्या आऱ्या दिसतात. खोडभर फोडासारख्या गाठी असतील तर ती वेल घेऊ नका.

लावायची तर पावसाच्या तोंडाशी वीतभर तुकडा कडुनिंबाजवळ खोचा. कडुनिंबावरची वेल वैद्य चांगली मानतात. देवळातल्या औदुंबरावर मात्र चढवू नका, माजली की सगळं झाड झाकून टाकते.