ओढ्यानाल्यांचे पाणी आणि जीपगाडी

सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशच्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, खंडवा–अकोला या जुन्या मीटरगेज लोहमार्गावर तुकईथड हे गाव वसले आहे. थड किंवा थडी म्हणजे नदीचा काठ, आणि या मुलखाचे सारे जीवन तापीच्या काठाशी बांधलेले आहे. बैतुल जिल्ह्यातील मुलताई येथे उगम पावलेली तापी या खोऱ्यातून पश्चिमेकडे वाहत जाते. पलीकडे महाराष्ट्राच्या अमरावती जिल्ह्यातील धारणी तालुका व मेळघाटचा डोंगराळ प्रदेश आहे. तेथील सिपना, गडगा, खंडू, खापरा, डोलार या नद्याही तापीलाच मिळतात.

उन्हाळ्यात येथील नाल्यांतून बैलगाडी सहज पार होते. पावसाळ्यात मात्र वरच्या डोंगरात सर कोसळली, की गावात पावसाचा थेंब नसतानाही नाल्याला लोंढा येतो. अशा वेळी दवाखान्याची जीप, शाळेत निघालेले शिक्षक, बाळंतिणीला घेऊन निघालेले नातेवाईक फरशीपुलाशी येऊन थांबतात. गाडी चार चाकांनी ओढणारी आहे, तेव्हा ती पार होईलच, असा समज अनेकदा असतो. तो कितपत खरा आहे, हे तपासून पाहणे सर्वांच्या हिताचे आहे.

पाणी गाडीचे काय करते?

चारही चाकांना ओढ मिळाल्याने चिखलात व वाळूत गाडीची पकड वाढते. ही पकड गाडीच्या वजनावर अवलंबून असते, आणि पाणी नेमके तेच वजन कमी करते. साडेतीन मीटर लांब व दीड मीटर रुंद अशा बंदिस्त गाडीचा तळ दहा सेंटिमीटर पाण्यात बुडाला, तर सुमारे 525 लिटर पाणी बाजूला सारले जाते, म्हणजेच गाडीचे वजन तितक्याच किलोंनी घटते. दीड टन वजनाची गाडी तळाच्या वर तीस सेंटिमीटर पाणी चढताच तरंगू लागते. गाडीत पाणी शिरल्यास ती थोडी जड होते, पण तोवर चाकांखालची जमीन सुटलेली असते.

दुसरी बाब प्रवाहाच्या धक्क्याची. सेकंदाला दोन मीटर वेगाचे पाणी गाडीच्या अर्धा मीटर बुडालेल्या बाजूवर आदळले, तर ढोबळ हिशेबाने साडेतीनशे किलो वजनाइतका रेटा बसतो. वेग दुप्पट झाला, तर रेटा चौपट होतो. म्हणूनच दोन फूट वाहते पाणी जड वाहनासही ओढून नेऊ शकते. काही गाड्यांच्या माहितीपत्रकात पाण्यातून जाण्याची खोली दिलेली असते. उदाहरणार्थ, 2020 साली आलेल्या नव्या थार गाडीसाठी ती 650 मिलिमीटर आहे. हा आकडा वाहत्या पुरासाठी दिलेला परवाना नव्हे. शांत पाणी व टणक तळ असेल तेव्हाचीच ती मर्यादा समजावी.

तिसरा धोका इंजिनाचा. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही, म्हणून त्याला पाण्याचे भय नाही, असे मानणे चूक आहे. इंजिन हवा आत ओढते व सिलिंडरमध्ये ती दाबते. हवा दबते, पाणी दबत नाही. हवेच्या नळीवाटे पाणी आत गेले, तर पिस्टन जागीच अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून हवेच्या नळीचे तोंड किती उंचीवर आहे, हे चालकाला ठाऊक असलेच पाहिजे.

उतरण्यापूर्वी

प्रथम गाडी थांबवून पाण्याचे निरीक्षण करावे. काठावर वीस पावले मोजून, म्हणजे अंदाजे पंधरा मीटर अंतरावर, दोन खुणा कराव्यात. वरच्या खुणेशी काडी टाकावी व ती खालच्या खुणेपर्यंत जाण्यास किती सेकंद लागतात ते मोजावे. सात-आठ सेकंदांत ती पोहोचल्यास पाण्याचा वेग सेकंदाला सुमारे दोन मीटर आहे. अशा पाण्यात गाडी घालू नये. पाण्याच्या कडेला एक दगड ठेवावा. तो बुडू लागला, तर पाणी चढत आहे असे समजून मागे फिरावे. पाणी एकाएकी गढूळ होणे, काटक्या-पालापाचोळा वाहत येणे, वरच्या बाजूने घोंघावणे ऐकू येणे, ही लोंढ्याची पूर्वचिन्हे होत.

पाणी संथ व उथळ असेल, तरच हातात काठी व कमरेला दोर बांधून, दोराचे टोक काठावरच्या माणसांच्या हाती देऊन, तळ चाचपून यावे. जेथून माणूस निर्धोकपणे चालत जाऊ शकत नाही, तेथून गाडीही नेऊ नये. साध्या जीपसाठी चाकाच्या मध्यापर्यंतचे पाणी ही सर्वसाधारण मर्यादा धरावी. फरशीपुलावरून पाणी वाहत असेल, तर खालची फरशी शाबूत आहे की नाही, हे वरून दिसत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरात वाहून गेला आणि एस.टी.च्या दोन गाड्यांसह इतर वाहनेही नदीत गेली. रोजचा रस्ता पुरातही जागेवर असेलच असे नाही, हे त्या घटनेने दाखवून दिले.

पाण्यातून जाताना

तापलेली गाडी लगेच पाण्यात घालू नये. चाकांच्या आसांमधील गरम हवा थंड पाण्यात आकसते व फटींतून पाणी आत ओढून घेते. म्हणून काही मिनिटे थांबावे. पट्ट्यावर चालणारा पंखा असलेल्या जुन्या जीपचा पट्टा सैल करावा, नाहीतर पाती पाण्याला लागून वाकतात व रेडिएटर फोडतात. पुढील जाळीवर ताडपत्री बांधल्यास पाण्याचा मारा कमी होतो.

फोर व्हील लावून, कमी वेगाच्या पहिल्या गिअरमध्ये माणसाच्या चालीने उतरावे. पुढे पाण्याची लाट तयार झाली, की तिच्या मागोमाग एकसारख्या गतीने जावे. मध्येच गिअर बदलू नये, क्लच दाबू नये, ॲक्सिलरेटर सोडू नये. काचा खाली असाव्यात व पट्टे सोडलेले असावेत. 26 जुलै 2005 रोजी मुंबईच्या महापुरात काही जण बंद गाड्यांमध्ये अडकून मरण पावले. बाहेर अर्धा मीटर पाणी चढले, तरी एक मीटर रुंद दारावर सव्वाशे किलोंचा दाब येतो, आणि दार आतून उघडता येत नाही.

गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. गाडी स्थिर असेल, तर टपावर चढून दोराची वाट पाहावी व 112 क्रमांकावर कळवावे. गाडी वाहू लागल्यास खिडकीतून, प्रवाहाच्या वरच्या बाजूने बाहेर पडावे. खालच्या बाजूस उतरणारा गाडीखाली सापडू शकतो.

पार झाल्यावर

ओले ब्रेक लागत नाहीत. हळू चालवत पेडल अनेक वेळा हलके दाबून ते सुकवावेत. इंजिनाचे तेल ताकासारखे पांढरट दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे असे समजावे व तेल बदलल्याशिवाय इंजिन चालवू नये. आसांमधील तेल व वंगणही तपासून घ्यावे.

मागे फिरणे ही हार नव्हे

डोंगरी नाल्याचा लोंढा जसा झपाट्याने येतो, तसा तो बहुधा काही तासांत ओसरतोही. तेवढा वेळ थांबल्याने टपाल उशिरा पोहोचेल, बैठक लांबेल. रुग्ण सोबत असेल, तेव्हा थांबणे अवघड वाटते हे खरे. परंतु गाडी वाहून गेली, तर रुग्णासह सारेच जातात. म्हणून ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वीच फरशीपुलाशी खोलीच्या खुणा असलेले खांब उभारावेत, दोर व कंदील हाताशी ठेवावेत आणि बाळंतपणाचे दिवस भरत आलेल्या स्त्रियांना नाल्याच्या अलीकडे, दवाखान्याच्या गावी आणून ठेवण्याची व्यवस्था करावी. अधिकाऱ्यांनीही आपल्या चालकाला पाण्यात गाडी घालण्याचा आग्रह करू नये. पाण्याबाबत चालकाने दिलेला नकार हा कर्तव्याचाच भाग मानावा.

शाळेत करून पाहण्यासाठी

1. ओढ्याच्या काठावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली, काडी टाकून पाण्याचा वेग काढा. पाऊस पडण्यापूर्वीच्या व नंतरच्या वेगांची तुलना करा.
2. पत्र्याचा रिकामा डबा बादलीतील पाण्यात दाबा. हाताला जाणवणारा रेटा कोठून येतो?
3. आपल्या गावच्या रस्त्यावर पाण्याखाली जाणाऱ्या जागा कोणत्या, त्यांचा नकाशा काढा व ग्रामपंचायतीस द्या.