बुकाला जुळणारा नंबर

जालन्यात जुनी जीप विकणाऱ्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "साहेब, बुक टू बॉडी मॅच आहे." अंबड तालुक्यातल्या एका शेतवस्तीवर मी पाहिलेली महिंद्राची जीपही तशीच होती. आर.सी. बुक १९६०च्या दशकातलं, इंजिन पेट्रोलचं, नंबर अंकागणिक जुळणारा. ब्लॉकवर मात्र वर्षानुवर्षांचा तेलकट मळ, आणि त्यातच नंबराची जागा तेवढी लख्ख, वरून ताजा काळा रंग. मालकाला विचारलं तर म्हणाले, "मिस्त्रीनं साफ केलं असंल."

मी ती घेतली नाही. पुढे ती दुसऱ्या कुणी घेतली, आणि नाव लावताना तपासणीत गाडी अडकली. गाडी दारात, पैसे गेलेले आणि कागद होत नाहीत, अशा अवस्थेत तो माणूस बरेच दिवस होता. म्हणून हे लिहितोय.

आपल्याकडे हा प्रकार का होतो, ते आधी समजून घ्या. पेट्रोल परवडेना तेव्हा मराठवाड्यातल्या कितीतरी जीपना डिझेल इंजिनं बसली. मूळ पेट्रोलची हरिकेन इंजिनं भंगारात गेली, आणि जालन्यात भंगाराला भट्टी शोधायला लांब जावं लागत नाही. आता उलटी गंगा वाहते आहे. 'ओरिजिनल' म्हटलं की भाव चढतो. मग दुसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन आणायचं, त्याचा नंबर घासायचा आणि बुकातला पंच करायचा.

तेव्हा अंक वाचायची घाई करू नका. अंकाखालची जागा वाचा.

जीपच्या या चार सिलिंडरच्या इंजिनाचा नंबर ब्लॉकच्या पुढच्या बाजूला, वॉटर पंपाच्या बैठकीवर असतो. ती जागा रॉकेल आणि मऊ ब्रशने धुवा. पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश अजिबात लावू नका, नाहीतर पुरावा तुम्हीच घासून टाकाल. मग बॅटरीचा उजेड समोरून न मारता बाजूने, तिरका धरा. कारखान्यातल्या मशिनिंगच्या खुणा साधारण एका दिशेने जातात. हातग्राइंडर फिरला असेल तर गोलसर ओरखडे दिसतात, कडा मऊ होतात, नाहीतर मधेच खोलगटपणा येतो. लोहचुंबक फिरवून पाहा. तो एखाद्या जागी पकड सोडत असेल तर खाली पुट्टी असू शकते. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने छाप घ्या आणि घरी शांतपणे पाहा. अंक थोडे वाकडे, कमीजास्त खोल असले तर घाबरू नका, हाताने ठोकलेले जुने नंबर तसेच असायचे. मला संशय येतो तो जुन्या पृष्ठभागावरच्या धारदार, कोऱ्या कडांचा.

"फेसिंग करताना नंबर गेला, म्हणून परत मारला," हे उत्तर नेहमी ऐकू येतं. काही इंजिनांबाबत ते खरंही असतं. अमेरिकन शेव्हरोलेटच्या व्ही-८ मध्ये नंबराची पट्टी हेडच्या बैठकीच्याच पातळीत असते, तिथे फेसिंगमध्ये, म्हणजे बैठक घासून सपाट करताना, नंबर जातो. म्हणून तुमच्या गाडीत ती जागा कोणत्या पातळीत आहे ते आधी पाहा, मग उत्तर माना. ब्लॉकवर ओतकामातच उठलेले अंक आणि खुणाही पाहा. पंच मारणाऱ्याचं लक्ष तिकडे सहसा नसतं.

घासलेला नंबर कायमचा गेला असंही नाही. पंच बसतो तेव्हा अंकाखालचा धातू दबतो. वरचा थर घासला तरी दबलेला भाग उरतो, आणि आम्लाचं द्रावण लावल्यावर तो वेगळ्या वेगाने झिजून जुने अंक दिसू शकतात. न्यायवैद्यक प्रयोगशाळेत हे करतात. तुम्ही बॅटरीचं ॲसिड घेऊन बसू नका.

माझं मत विचाराल तर बदललेलं इंजिन हा गाडीचा दोष नव्हे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगी घेऊन इंजिन बदललं आणि बुकात नोंद झाली, तर ती गाडी खोट्या 'मॅचिंग'पेक्षा मी केव्हाही जास्त पैशाला घेईन. लष्कराच्या लिलावातल्या जीपमध्ये तर वर्कशॉपात इंजिन बदललेलं असणं नवलाचं नाही. अशी गाडी तिच्या बांधणीच्या सालानंतर बऱ्याच वर्षांनी नागरी नोंदणीला येते. जुन्या जीपवर जालन्याचं एमएच २१ दिसलं तर म्हणूनच विचारायचं. जालना जिल्हाच १ मे १९८१ चा आणि एमएच मालिका त्याहून अलीकडची. तेव्हा गाडी एकतर उशिरा नोंदली गेली, नाहीतर परराज्यातून आली. दोन्हीचे कागद असतात, ते मागा.

हौसेने घेणाऱ्यांसाठी आणखी एक. २०२१च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकीला नव्याने नोंदवताना 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर मिळतो. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नको, ही अट आहे. "इंजिन बदललंय, पण व्हिंटेज करून घ्या" असं सांगणाऱ्याच्या भरवशावर आगाऊ रक्कम देऊ नका.

आणि सौदापावती करताना इंजिन नंबर बुकातून उतरवू नका. विकणाऱ्याला बोनेटपाशी उभं करा, ब्लॉकवरून वाचून त्याच्याच हाताने लिहून घ्या, खाली सही घ्या आणि पेन्सिलीची छाप त्या कागदाला जोडा. खरा मालक याला पाच मिनिटांचं काम म्हणतो. जो टाळाटाळ करतो, त्याची गाडी त्याच्या शेतात राहू द्या.