हौदा आखूड की लांब? मालवाहू पिकअपची निवड

शेतमाल वेळेवर बाजारपेठेत पोहोचला, तरच उत्पादकाच्या श्रमाचे चीज होते. २००५ साली लहान चारचाकी मालवाहू गाडी बाजारात आली आणि ‘छोटा हत्ती’ या नावाने ती खेडोपाडी परिचित झाली. आज शेतकरी उत्पादक कंपन्या, महिला बचत गट व सहकारी संस्था कर्ज काढून पिकअप खरेदी करतात. त्या वेळी हौदा आखूड घ्यावा की लांब, हा प्रश्न हमखास उपस्थित होतो. लांब हौद्यात माल अधिक मावतो, म्हणून तोच फायद्याचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती तपासून पाहणे अगत्याचे आहे.

जागा आणि भारक्षमता

हौद्याची लांबी ही जागेचे माप आहे, भारक्षमतेचे नव्हे. गाडीचे मान्य एकूण वजन नोंदणी पुस्तकात नमूद असते. त्यातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले असता जे उरते, तेवढाच माल कायद्याने नेता येतो. एकूण वजनाची मर्यादा सारखीच असेल, तर लांब हौद्याचे स्वतःचे जादा वजन मालाच्या वाट्यातूनच कमी होते.

एक उदाहरण घेऊ. साडेपाच फूट रुंदीचे दोन हौदे आहेत, एक ८ फूट लांब व दुसरा १० फूट. दोन्ही गाड्यांची भारक्षमता १,३०० किलो धरू. टोमॅटोचे क्रेट ५४ सें.मी. लांब व ३६ सें.मी. रुंद असून भरलेल्या क्रेटचे वजन २२ किलो आहे. आखूड हौद्यात एका थरात १८ क्रेट बसतात, लांब हौद्यात २४. चार थर रचल्यास आखूड हौद्यात ७२ क्रेट, म्हणजे १,५८४ किलो माल होतो, तर लांब हौद्यात ९६ क्रेट, म्हणजे २,११२ किलो. क्षमता मात्र केवळ ५९ क्रेटची आहे. म्हणजेच टोमॅटो, कांदा, बटाटा वा धान्य यांसारख्या जड मालाला आखूड हौदाही पुरून उरतो. उलट लांब हौद्यातील मोकळी जागा जादा भार भरण्याचा मोह निर्माण करते.

पालेभाज्या, झेंडूची फुले, कडबा, रिकामे क्रेट हा माल हलका, परंतु जागा व्यापणारा असतो. तेथे वजनाची मर्यादा गाठण्यापूर्वीच हौदा भरतो. अशा मालासाठी लांब हौदा खेपा वाचवतो. शिवाय तेच ५९ क्रेट लांब हौद्यात तिसऱ्या थरापर्यंतच जातात, तर आखूड हौद्यात चौथा थर सुरू करावा लागतो. रचाई जितकी ठेंगणी, तितकी गाडी वळणावर स्थिर राहते.

रस्ता आणि सुरक्षितता

लांब हौद्यासाठी पुढील व मागील चाकांमधील अंतर वाढविले असेल, तर गाडीला वळण्यास अधिक जागा लागते. वाडी-वस्तीचे बोळ, शेताचे बांध व घाटातील वळणे येथे ही अडचण रोजची ठरते. हौदा मागील चाकांच्या पलीकडे जास्त गेलेला असेल आणि जड माल शेवटी फाळक्यापाशी रचला, तर पुढील चाकांवरचा भार कमी होतो. परिणामी चढावर गाडीचे वळणे व ब्रेक लागणे, दोन्ही बिघडते. म्हणून जड माल चालकाच्या कक्षाकडील बाजूस व तळाशी ठेवावा.

कायद्याची चौकट

आखूड हौदा घेऊन तो नंतर गावातील कारखान्यात वाढवून घेणे हा मार्ग नव्हे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये नोंदणीतील तपशिलापासून वेगळा असा फेरबदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार जादा भारासाठी कलम १९४ मध्ये २०,००० रुपये व प्रत्येक जादा टनास २,००० रुपये दंडाची तरतूद आहे. हौद्याबाहेर माल आल्यासही २०,००० रुपये दंडाची तरतूद आहे. सहा मीटर लांबीचे नळ ८ फुटी हौद्यात मावत नाहीत, तसेच १० फुटीतही नाहीत. वर्षातून एकदोनदा लागणाऱ्या अशा वाहतुकीसाठी भाड्याचे वाहन घेणेच श्रेयस्कर.

खरेदीपूर्वी

संस्थेने खरेदीपूर्वी किमान दोन आठवडे मालाची नोंद ठेवावी. कोणता माल, किती वजन, किती जागा, कोणता रस्ता आणि परतीच्या खेपेस काय, हे त्यात लिहावे. बहुतेक खेपांत वजनाची मर्यादा आधी गाठली जात असेल, तर आखूड हौदा घ्यावा. हौदा आधी भरत असेल व रस्ता रुंद असेल, तर लांब घ्यावा. ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांनी हा हिशेब सभेत सर्वांसमोर मांडण्यास साहाय्य करावे. कर्जाचा हप्ता सभासदांच्या घामातून फेडला जातो. तो भरण्यासाठी जादा भार वाहण्याची वेळ आली, तर पैशाबरोबर चालकाचा जीवही धोक्यात येतो. गाडीची निवड दिखाऊ लांबीवरून न करता नोंदीतील आकड्यांवरून केल्यास ही वेळ टळेल.