चिखलाच्या चढावर गाडी का बंद पडते?

प्रश्न : माझी एक्सपल्स 200 4व्ही चिखलाच्या चढावर पहिल्या गिअरमध्येही बंद पडते. मित्राची जुनी 411 सीसी हिमालयन मात्र सहज चढते. माझ्या गाडीत दम कमी आहे का?

उत्तर : पॉवरमध्ये फार तफावत नाही, तुमची सुमारे 19 बीएचपी, त्यांची 24. खरा फरक टॉर्कचा. हिमालयन चाळीसेक किलोंनी जड असली तरी चार-साडेचार हजार आरपीएमलाच 32 न्यूटन-मीटर देते. तुमचं इंजिन जेमतेम 17 देतं, तेही 6,500 आरपीएमला. म्हणून चढ सुरू व्हायच्या आधीच आरपीएम चढवा, क्लच दोन बोटांनी अर्धवट दाबून ठेवा आणि मध्येच थ्रॉटल सोडू नका. बहुतेक गाड्या तिथेच बंद पडतात.

तरीही जमलं नाही तर पुढचं 13 दातांचं स्प्रॉकेट काढून 12 दातांचं बसवा. प्रत्येक गिअरमध्ये चाकावरचा टॉर्क सुमारे 8 टक्क्यांनी वाढेल. पॉवर आहे तेवढीच राहील आणि हायवेवर त्याच वेगाला इंजिन जास्त फिरेल, हे मात्र स्वीकारावं लागेल. स्प्रॉकेट बदलल्यावर चेनचा ताण मॅन्युअलप्रमाणे लावून घ्या. महागड्या एक्झॉस्टवर पैसे घालू नका. चढावर त्याचा उपयोग नाही.